नकारावर सही कुणाची?

रेशन दुकानात म्हातारीचा अंगठा मशीनवर जुळत नाही. राबून राबून बोटांच्या रेषा झिजल्यात. दुकानदार सांगतो, ‘सिस्टीम घेत नाही, आजी.’ ती रिकामी पिशवी घेऊन परतते. अंगठा जुळला नाही म्हणून धान्य नाकारू नका, असं केंद्राने 2017 मध्येच राज्यांना कळवलं आहे. म्हणजे नकार माणसाने दिला आणि मशीनच्या नावावर खपवला.

याच लबाडीला फ्रेंच अस्तित्ववादी तत्त्वज्ञ सार्त्रने 1943 मध्ये आत्मवंचना ठरवलं. आपल्या साहित्यिकांनी अस्तित्ववादातून एकटेपणा आणि निरर्थकता तेवढी उचलली, जबाबदारी मात्र पॅरिसमध्येच सोडून दिली. या सोयीस्कर वाचनाची मला चीड येते.

कारण तिथे हा विचार रस्त्यावर उतरला होता. 1960 मध्ये फ्रेंच सैनिकांनी जमीला बुपाशा या अल्जीरियन तरुणीचा कोठडीत अनन्वित छळ केला. अस्तित्ववादी लेखिका सिमोन द बोव्हुआरने ‘ल मोंद’ या दैनिकात लेख लिहून सरकारइतकाच गप्प बसलेल्या नागरिकांनाही जाब विचारला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये 121 जणांनी अल्जीरियाच्या युद्धात शस्त्र उचलायला नकार देणाऱ्यांची जाहीर पाठराखण केली. सही करणारे गणितज्ञ लोरां श्वार्त्झ यांची प्राध्यापकी गेली. सार्त्र राहत होता त्या इमारतीत दोनदा बॉम्बस्फोट झाले.

हाच सार्त्र 1954 मध्ये सोव्हिएत रशियातून परतला आणि तिथे टीकेचं पूर्ण स्वातंत्र्य असल्याची ग्वाही देत सुटला. त्याच्याच कसोटीवर तो नापास होतो. कसोटी त्यामुळे खोटी ठरत नाही.

कुणी म्हणेल, कारकुनाच्या हातात काय असतं? बदलीची भीती खरी आहे, घर चालवायचं ओझंही खरं आहे. परिस्थिती माणसाचं स्वातंत्र्य कसं आवळते, हे बोव्हुआरने 1947 मध्येच मांडलं होतं. म्हणून मी म्हातारीला जबाबदारीचे धडे देत नाही. ज्याच्या एका सहीने झोपडी पडते, मतदार यादीतलं नाव उडतं, पेन्शन अडकते, त्याला मी विचारतो. ‘वरून आदेश आहे’ हे त्याचं उत्तर मला मान्य नाही. आदेश वरून येतो, अंमल त्याचे हात करतात. अन्याय करायचाच असेल तर त्याने तो स्वतःच्या नावाने करावा, कारणासकट लेखी द्यावा. आणि तो कागद मागितल्याशिवाय आपणही खिडकीवरून हलू नये.