एक डुबकी, सहा प्रेक्षक

लग्नात आचाऱ्याला, आजाऱ्याच्या खोलीत डॉक्टरला आणि मैदानाच्या कडेला कबड्डीच्या संघाला सल्ला देणाऱ्याजवळ पदवी मागण्याची पद्धत आपल्याकडे नाही. निजामपुऱ्यात तर ती कधीच नव्हती. आमच्या महापालिकेचे संपूर्ण नाव ‘भिवंडी-निजामपूर शहर महानगरपालिका’. ज्या वस्तीचे नाव महापालिकेच्या पाटीवर चढले, तिथला माणूस नुसता रहिवासी कसा राहील? तो जन्मतःच तज्ज्ञ असतो. वीज गेली, माग थांबले आणि त्या अवचित शांततेत आपलाच आवाज आपल्याला ऐकू येऊ लागला, की तो चहाच्या हॉटेलात येऊन बसतो आणि मत देतो.

सध्याचा विषय असा : आमच्या भागातल्या एका महाविद्यालयाचा कबड्डी संघ आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेला जायचा आहे, त्याने आक्रमण कोणत्या पद्धतीने करावे? विषय वरकरणी किरकोळ वाटेल. पण त्यावरून आमच्याकडे दोन सख्ख्या साडूंचे बोलणे बंद झाले आहे, आणि (हे अधिक गंभीर) एकाने दुसऱ्याच्या चहाचे पैसे देणेही बंद केले आहे.

बहुमत डुबकीवाल्यांचे. २०१४ साली प्रो कबड्डी लीग सुरू झाली तेव्हापासून हा पंथ वाढला. मी त्या लीगच्या विरुद्ध नाही. बुवा साळवींनी ज्या खेळासाठी जन्म घालवला, त्याला पूर्वी वर्तमानपत्रात हवामान आणि ‘हरवले आहेत’ यांच्या मधल्या फटीत जागा मिळायची. तो आता लोक जेवणाचे ताट मांडीवर घेऊन पाहतात, ही काय वाईट गोष्ट झाली? पण जेवता जेवता पाहिलेल्या गोष्टीतले तोंडी लावण्यापुरतेच लक्षात राहते, तसे झाले. लोकांना चढाई आठवते, पकड आठवत नाही. चढाईतही एकट्या प्रदीप नरवालची डुबकी आठवते. समोरच्यांनी साखळी करून वाट अडवली, की हा गृहस्थ त्यांच्या हातांखालून वाकून मध्यरेषेकडे निसटायचा. २०१७ साली हरियाणा स्टीलर्सविरुद्ध त्याने एकट्याने चढाईचे ३४ गुण केले, एका चढाईत तर संघाला ८ गुण मिळवून दिले. हे आकडे आमच्या हॉटेलातल्या पोऱ्यालाही पाठ आहेत. बिलाची बेरीज मात्र त्याला दोनदा करावी लागते.

तेव्हा ठरले काय, तर महाविद्यालयाने एक नरवाल नेमावा. चढाया त्यानेच करायच्या, बाकीच्या सहांनी उभे राहायचे. नरवाल म्हणून ज्या मुलाची निवड झाली, तो संघाला बनियनी पुरवणाऱ्या दात्यांचा भाचा आहे, हा निव्वळ योगायोग. पोरगा चांगला आहे, आडदांड आहे, मनाने निर्मळ आहे. पण डुबकी मारायला अंग वाकावे लागते, आणि आमच्या या वीराला बुटाची नाडी बांधायची तरी पाय बाकावर ठेवावा लागतो. शिवाय टीव्हीवरचे लोक मॅटवर डुबक्या मारतात. आमच्या सरावाच्या मैदानावर खडी आहे. गेल्या आठवड्यात त्याने तीन डुबक्या मारल्या. पहिलीत ढोपर गेले, दुसरीत कोपर गेले, तिसरीत मावशीने मैदानात येऊन त्याला घरी नेले.

आता जरा हिशेब मांडू. सामना २० मिनिटांच्या दोन डावांचा, चढाई ३० सेकंदांची. प्रत्येकाने पुरता वेळ घेतला तरी सामन्यात ८० चढाया होतात, म्हणजे ४० आपल्या. त्या सगळ्या एका मुलाने करायच्या म्हणजे त्याने वीस मिनिटे ‘कबड्डी कबड्डी’चा घोष करीत सात जणांशी एकट्याने झुंजायचे, आणि उरलेली वीस मिनिटे दम न घेता पकडीला उभे राहायचे. बरे, तो बाद झाला तर? होणारच, बाद होणे हा कबड्डीतला नैसर्गिक मृत्यू आहे. मग तो बाहेर बाकावर. गडी ज्या क्रमाने बाद होतात त्याच क्रमाने उठतात, आणि उठवायला कुणीतरी समोरचा गडी मारावा लागतो. बोनसचा गुण मिळतो, पण त्याने गडी उठत नाही. मग मारायचा कुणी? ज्या सहांना महिनाभर फक्त उभे राहायला शिकवले, त्यांनी! तशात दोन चढाया रिकाम्या गेल्या तर तिसरीत गुण आणावाच लागतो, नाहीतर चढाईवाला बाद. ती तिसरी चढाई ज्या पोराच्या वाट्याला येईल, त्याने याआधी मध्यरेषा फक्त चुना मारताना ओलांडलेली असेल.

मी स्वतः शाळेत डावा कोपरा सांभाळत असे. त्या अधिकाराने (आणि तो नसता तरी निजामपुऱ्याचा रहिवासी म्हणून) माझी योजना मी जिमखान्याच्या सरांना सांगितली. या संघात मोठा चढाईवाला नाही, हे आधी मान्य करा. तीन मधलेसे आहेत. एक उंच आणि लांब टांगेचा : समोर सहा किंवा अधिक गडी असेपर्यंतच बोनस मिळतो, तेव्हा सुरुवातीला त्याला पाठवा, एक पाय रेषेपलीकडे, दुसरा हवेत, की आला परत. दुसऱ्याचा हात चपळ आहे. समोरचे कमी झाले की तो. आणि तिसरा आमचा सावकाश गडी. हा जातो, निदान रेषा ओलांडतो, चारी बाजूंना पाहुण्यासारखा बघतो आणि कुणाला त्रास न देता परत येतो. गुण शून्य, पण बादही नाही. लोक त्याला हसतात. माझ्या मते तो या संघाचा कणा आहे.

कारण आमची पकड उत्तम आहे. खाडीकाठच्या गावांतून येणारी आगरी पोरे आहेत. उजव्या कोपऱ्यावरचा मुलगा घोटा धरतो तो वाण्याने उधारीवाल्याला धरावा तसा. मग घाई कशाला? आपण दोन चढाया जपून रिकाम्या करायच्या, त्यांच्याही दोन रिकाम्या घालवायच्या. त्यांचा गडी तिसऱ्या चढाईला भरल्या सात जणांत येईल तेव्हा त्याला गुण हवा असेल आणि आपल्याला तो हवा असेल. आपण तिघांवर आलो तरी घाबरायचे नाही. तीन किंवा कमी जणांनी पकड केली तर ती अव्वल पकड, तिचा एक गुण जादा. आक्रमण म्हणजे नुसते धावत जाणे नव्हे. समोरच्याला आपल्याला हव्या त्या वेळी यायला लावणे हेही त्यातच येते.

यावर मोठ्या साडूंनी टेबलावर मूठ आपटली. “ही भित्री कबड्डी! शिवरायांच्या मुलखात हे शोभत नाही!” दर शिवजयंतीला गनिमी काव्यावर पाऊण तास बोलणारे हेच गृहस्थ. दबा धरून, वेळ साधून, मोजक्या माणसांनी मोठ्या फौजेला हैराण करणे याला व्याख्यानात गनिमी कावा म्हणतात आणि मैदानावर भित्रेपणा, हा फरक मला अजून उमगलेला नाही.

धाकटे साडू अधिक अभ्यासू. ते म्हणाले, “पण पाटणा पायरेट्स याच पद्धतीने सलग तीन वेळा जिंकले ना?” जिंकले. खरेच जिंकले. प्रदीप नरवाल असेल तर प्रदीप नरवालची पद्धत वापरावी, याबद्दल माझा वाद नाही. आधी प्रदीप आणा. आणि तोच प्रदीप २०१८ साली जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत भारताच्या संघात होता. १९९० पासून सलग सात वेळा सुवर्ण नेलेला आपला संघ उपांत्य फेरीत इराणकडून १८–२७ असा हरला. एकाहून एक चढाईवाले होते आपल्याकडे, पण इराणच्या पकडीपुढे कुणाचेच चालले नाही. हे सांगितल्यावर धाकट्यांनी पंचांचा विषय काढला.

कोपऱ्यातल्या टेबलावर आमचे एक मागवाले चाचा बसले होते. ते एवढेच म्हणाले, “अहो मास्तर, ताणा किती बी भारी असू द्या, बाणाच नसला तर कापड कुठून निघंल?” आणि वीज आली म्हणून उठून गेले.

माझा राग खरे म्हणजे डुबकीवर नाही. तो सावकाश गडी आहे ना, तो रात्री दोनपर्यंत गोदामात गाठोडी चढवतो आणि सकाळी सातला सरावाला येतो. रेल्वेत, पोलिसांत खेळाडू म्हणून भरती होते हे त्याला ठाऊक आहे. घरातल्या पाच माणसांनाही आता ठाऊक झाले आहे. निवड करणारे लोक स्पर्धेला येतात ते कुणाचा खेळ पाहायला? जो खेळतो त्याचा. चाळीसच्या चाळीस चढाया भाच्याने केल्या, तर बाकीचे सहा त्यांना दिसणार कसे? उभे राहण्यात प्रावीण्य मिळवलेल्याला कुठलेही खाते नोकरी देत नाही. (काही खाती त्यावरच चालतात असे म्हणतात, पण तिथे आधी चिकटावे लागते.) एका आवडत्याला मोठे करून बाकीच्यांनी टाळ्या वाजवायच्या, ही आपली जुनी खोड. ती सभेत चालते, साहित्य संमेलनात चालते. पण कबड्डीत त्या टाळ्या वाजवणाऱ्या हातांनीच समोरच्याला धरायचे असते.

जिमखान्याचे सर भला माणूस. त्यांना माझे पटते, आणि बनियनीही हव्या आहेत. “काका, दोन्हींचा मेळ घालू,” असे ते मला म्हणाले; दात्यांना काय म्हणाले ते कळले नाही. बारा जणांची यादी शनिवारी जायची आहे. मी त्यांच्याकडे एवढेच मागितले आहे : शुक्रवारी संध्याकाळी बाराही मुलांना प्रत्येकी दहा चढाया द्या, समोर आपलीच भरली पकड उभी करा, आणि कोण किती वेळा जिवंत परत येतो ते लिहून काढा. भाचा पहिला आला तर मी स्वतः त्याच्या ढोपराला हळद लावीन. सरांनी होकार दिला आहे. वही मी आणतो म्हणालो. चुना दोन्ही साडू आणणार आहेत, वेगवेगळा.