सायकलच्या दुकानांतलीं चित्रें

सायकल दुरुस्तीस टाकली म्हणजे गिऱ्हाइकास दुकानापुढच्या बाकावर बसणें प्राप्तच असतें. टायर काढावयाचा, ट्यूब पाण्याच्या घमेल्यांत धरून बुडबुडे पाहावयाचे, भोंकाभोंवतीं घासून ठिगळ लावावयाचें. आणि चाकाचा 'आउट' काढावयाचा असला तर मग विचारावयासच नको. हा वेळ लोक रस्त्याकडे पाहत नाहीं तर दराची घासाघीस करीत घालवितात. लंडनच्या ओल्ड स्ट्रीटवर 2010 सालीं निघालेल्या 'लुक मम नो हँड्स' या दुकानानें निराळी सोय केली होती. तेथें एकीकडे दुरुस्ती चाले, दुसरीकडे कॉफी मिळे, आणि भिंतींवर चित्रांचीं व छायाचित्रांचीं प्रदर्शनें भरत. तें दुकान आतां राहिलें नाहीं. कल्पना मात्र आपल्या आळींत आणण्याजोगी आहे.

यावर घरांतील वडील मंडळी विचारतील कीं, वंगणाच्या हातांचा आणि चित्रकलेचा संबंध काय? हा संबंध आपल्याकडे फार जुना आहे.

लक्ष्मणराव किर्लोस्कर 1885 सालीं मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्यें गेले ते चित्रकार होण्यासाठीं. वडिलांची इच्छा नव्हती. थोरले बंधु रामूअण्णा यांनीं पाठबळ दिलें म्हणून जाणें घडलें. पुढें असें आढळून आलें कीं, कांहीं रंगांमधील भेद त्यांच्या डोळ्यांस कळत नाहीं! चित्रकार होऊं पाहणाऱ्या मुलावर याहून मोठा आघात तो कोणता? 'आम्हीं आधींच सांगितलें होतें' हें वाक्य ऐकत परत घरीं बसणें, एवढेंच अशा वेळीं बहुतेकांच्या वांट्यास येतें. लक्ष्मणरावांनीं रंग सोडले आणि यंत्रांचीं रेखाचित्रें काढण्याची विद्या संपादन केली. व्हिक्टोरिया जुबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्यें त्यांनीं अध्यापन केलें, व बढतीच्या वेळीं आपणांस डावललें गेलें असें पाहून त्या नोकरीस रामराम ठोकला. मुंबईहून सायकली धाडावयाच्या, आणि रामूअण्णांनीं बेळगांवीं त्या विकून लोकांस त्यांवर बसावयास शिकवावयाचें, असा दोघां बंधूंचा उद्योग होता. किर्लोस्कर बंधूंची पेढी आपला आरंभ या सायकलच्या दुकानापासून, 1888 सालापासून, मोजते. पांढरपेशा घरांतील शिकल्यासवरल्या मुलानें हातीं पान्हा धरावा, ही गोष्ट त्या काळीं नातलगांत किती चर्चेची झाली असेल, हें आमच्या वाचकांस सांगावयास नकोच. (आजहि ती चर्चा बंद झाली आहे असें आम्हांस वाटत नाहीं.)

त्या दुकानामागून कडबा कापण्याचीं यंत्रें आलीं, 1903 सालीं लोखंडी नांगर आला, आणि बेळगांवची जागा सोडावी लागली तेव्हां 1910 सालीं औंधच्या राजेसाहेबांनीं कुंडल रोड स्टेशनाजवळ जमीन व दहा हजार रुपये कर्जाऊ देऊन आश्रय दिला. हे राजेसाहेब, बाळासाहेब पंतप्रतिनिधि, स्वतः चित्रकार. औंधास 1938 सालीं त्यांनीं उभारलेलें संग्रहालय आजहि पाहावयास मिळतें. किर्लोस्करवाडीहून 1920 सालीं निघूं लागलेल्या मासिकाचे संपादक शंकरराव किर्लोस्कर हेहि चित्रकलेंत शिकलेले होते.

तेव्हां चित्रांस सायकलच्या दुकानांत परकें वाटण्याचें कारण नाहीं. अडचणी आहेत त्या निराळ्या. जलरंगाच्या चित्रावर दुपारचें ऊन पडूं देतां कामा नये, म्हणून पश्चिमेकडे तोंड असलेल्या दुकानांत तीं आंतल्या भिंतीवर लावावींत. वंगणाचे हात पोंचणार नाहींत इतकें उंच लावावें, पण बाकावर बसलेल्यास मान ताणावी लागेल इतकें उंच नको. काच असल्यास उत्तम. नसल्यास धुळीसाठीं महिन्याभरांत चित्रें बदलावींत. विक्रीचा कांहीं हिस्सा दुकानदारास मिळावा, हें आधींच ठरवून टाकावें. भिडेखातर ही गोष्ट बोलावयाची राहते आणि पुढें मनें कलुषित होतात.

आपल्या घराघरांतून ड्रॉइंगच्या परीक्षा दिलेल्या मुली-सुनांचीं चित्रें ट्रंकांत गुंडाळून पडलेलीं असतात. पाहुणे आले म्हणजे तीं बाहेर निघतात, 'छान आहे हो' म्हटलें जातें, व पुन्हां आंत जातात. बाकावर पंक्चरसाठीं खोळंबलेला अनोळखी मनुष्य असें भिडेनें बोलणार नाहीं. त्याला चित्र आवडलें नाहीं तर तो सरळ रस्त्याकडे पाहूं लागेल, आणि आवडलें तर सायकल तयार झाल्यावरहि क्षणभर बसून राहील. सूनबाईंस हें कळावयास हवें असेल, तर दुकानदाराशीं बोलावयास घरांतून कोणी जावें एवढाच प्रश्न उरतो. आमच्या मतें तिनेंच जावें, आणि सोबत सासूबाईंनीं.