प्रश्न मात्र घरातल्या बाईला

लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ वाचताना मी दरवेळी एकाच जागी थबकते. १० फेब्रुवारी १८९५ला मुंबईत त्यांचे पती नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. अभ्यास त्यांचा, मनाची तगमग त्यांची, निर्णयही त्यांचाच. आणि पुढची चार-पाच वर्षं पदरात लहान मूल घेऊन नातेवाइकांच्या आधाराने काढली ती लक्ष्मीबाईंनी. नवऱ्याकडे परत गेल्यावरही सुरुवातीला त्यांनी आपलं सोवळं आणि स्वयंपाक वेगळा ठेवला. १९०० साली त्या ख्रिस्ती झाल्या, त्या स्वतःला पटल्यावर. एका माणसाने धर्म सोडला की त्याच्या घरात काय काय हलतं, हे इतक्या बारकाईने मी दुसरीकडे कुठे वाचलेलं नाही.

टिळक एका धर्मातून दुसऱ्यात गेले. माझा नवरा कुठेच गेला नाही, त्याने धर्म नुसता सोडला. मी देव मानते, संध्याकाळी दिवा लावते. आमचं यावरून कधी फाटलं नाही. लग्नाआधी त्याने सगळं स्पष्ट सांगितलं होतं आणि माझ्या देवघराला त्याने कधी नाक मुरडलं नाही.

पण सासरे गेले, त्यानंतरचा पितृपक्ष मला विसरता येत नाही. श्राद्ध करायचं नाही, तेवढे पैसे गावाकडच्या वसतिगृहाला द्यायचे, असं त्याने ठरवलं. मला ते पटलंही. त्या सकाळी सासूबाईंनी कुणाला न सांगता चार वडे तळले, वाटीभर खीर केली. केळीचं पान नव्हतं म्हणून स्टीलच्या ताटलीत भात, वडा, खीर घेऊन त्या गच्चीच्या कठड्यापाशी गेल्या आणि ताटली ठेवण्याआधी त्यांनी मागे वळून पाहिलं, मुलगा बघतोय का म्हणून. पन्नास वर्षं ज्याच्याबरोबर संसार केला, त्याला घास ठेवताना त्या बाईला चोरी करावी लागत होती. तिला कुणीही मनाई केली नव्हती. पण तिला विचारलंही नव्हतं.

दुपारी आतेसासूबाईंचा फोन आला, तोही मला. “त्याचं राहू दे गं, तो पहिल्यापासून तसलाच. पण तू होतीस ना घरात? तुला नाही का चार शब्द सांगता आले?”

तेव्हापासून मी बघते आहे, पुरुषाने देव सोडला तर चारचौघांत तो त्याचा विचार ठरतो. मित्र तासभर वाद घालतात, चहा पितात, दुसऱ्या दिवशी पुन्हा भेटतात. घरी मात्र तीच गोष्ट बायकोची हयगय ठरते. गौरी का बसवल्या नाहीत, मुलाची मुंज कधी, हे प्रश्न त्याला कुणी विचारत नाही. आणि बाईनेच देव सोडला तर? माझी एक मैत्रीण वटपौर्णिमेला वडाला जात नाही. तिच्या नवऱ्याला मधुमेह निघाला तेव्हा सासरच्यांनी त्याचं कारण तिच्यात शोधलं. सख्ख्या बहिणीने हळदीकुंकवाला बोलावणं बंद केलं. तिची नास्तिकता कुणी विचार म्हणून ऐकूनच घेतली नाही.

२०११च्या जनगणनेत देशभरात जेमतेम ३३ हजार लोकांनी आपण नास्तिक असल्याची नोंद केली. प्रत्यक्षात न मानणारे त्याहून कितीतरी जास्त असणार, असं मला वाटतं. धर्म सांगायची सक्ती सरकार करू शकत नाही, असा निकाल मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ साली दिला आहे. सरकारी अर्जापुरता प्रश्न तिथे मिटतो. नात्यागोत्यात तो मिटत नाही.

समाजसुधारक आगरकरांची पुण्यात जिवंतपणी प्रेतयात्रा काढली गेली, हे आपण शाळेत शिकतो. पण त्या घरात त्यांच्या पत्नी यशोदाबाईही होत्या, आणि त्या श्रद्धाळू होत्या. त्यांच्या देवधर्माला आगरकरांनी आडकाठी केली नाही. मला यात त्यांचं फार मोठेपण वाटतं. तरीही ती प्रेतयात्रा निघाली त्या दिवशी यशोदाबाईंच्या जिवाचं काय झालं असेल, हे धड्यात नसतं.

मुस्लीम समाजसुधारक हमीद दलवाई ३ मे १९७७ला गेले. मृत्यूनंतर कोणतेही धार्मिक विधी करू नयेत, दफन न करता दहन करावं, असं त्यांनी लिहून ठेवलं होतं, आणि तसंच झालं. इच्छा लिहून जाणारा निघून जातो. ती पाळली म्हणून जवळच्यांच्या नजरा झेलायला मागे बायको उरते. दलवाईंच्या पत्नी मेहरुन्निसाबाईंनी ते निभावलं. नोकरी करून घर सांभाळलं, नवऱ्याचं काम पुढे नेलं, आणि आपल्या आत्मकथनाला नाव दिलं ‘मी भरून पावले आहे’. अंधश्रद्धा निर्मूलनाचं काम करणाऱ्या नरेंद्र दाभोलकरांनी दलवाईंवरून आपल्या मुलाचं नाव हमीद ठेवलं. २०१३ साली दाभोलकरांचा खून झाला, तेव्हा साताऱ्यात त्यांच्या चितेला त्यांच्या मुलीने, मुक्ताने, अग्नी दिला.

धर्म सोडणाऱ्यांना मी परत या म्हणत नाही. न पटणारं करू नये. पण तुमच्या निर्णयाची उत्तरं तुम्हीच द्या. फोन तुम्ही उचला. आई दुखावली असेल तर तिच्याशेजारी बसा, वाद न घालता.

गेल्या वर्षी नवऱ्याने पितृपक्षाच्या आधी आईला विचारलं, “तुला काय करावंसं वाटतं?” तिला पान ठेवायचं होतं. मंडईतून केळीची पानं त्याने आणली, नमस्कार मात्र केला नाही. तिनेही आग्रह धरला नाही. मग त्याने स्वतः आत्याला फोन लावला. तिने त्याला खूप सुनावलं, शेवटी फोन आपटला. तिचा राग अजून गेलेला नाही. पण आता ती त्याच्याशी भांडते, मला फोन करत नाही.