हरल्यावरही झेंडा!



गेल्या आठवड्यात आमच्या शाळेत खो-खोचे सामने झाले. माझी चौथी 'अ' सलग तिसऱ्या वर्षी हरली. दुसऱ्या दिवशी वर्गातला एक मुलगा हळूच टेबलापाशी आला आणि म्हणाला, "बाई, माझं नाव 'ब' तुकडीत घाला ना! आपला वर्ग नेहमीच हरतो." मी काही त्याला रागावले नाही. जवळ बसवून एक गोष्ट सांगितली. तीच आज तुम्हालाही सांगते.

अमेरिकेत शिकागो नावाचं शहर आहे. हो, १८९३ साली स्वामी विवेकानंदांनी भाषण केलं, तेच! तिथल्या लोकांना बेसबॉलचं भारी वेड. बेसबॉल म्हणजे क्रिकेटचा चुलतभाऊच म्हणा ना! बॅट गोल, एकेका संघात नऊ खेळाडू आणि सामना नऊ डावांचा. शिकागोच्या एका संघाचं नाव आहे 'कब्स', म्हणजे पिल्लं. त्यांच्या गणवेशावर अस्वलाचं पिल्लू असतं.

या पिल्लांनी १९०७ आणि १९०८ अशी लागोपाठ दोन वर्षं 'वर्ल्ड सिरीज' ही तिथली सर्वांत मोठी मालिका जिंकली. आणि मग? मग काय, हरणं सुरू! १९४५ साली ती अंतिम मालिकेपर्यंत पोचली, पण डेट्रॉइटच्या संघाकडून हरली. त्या वेळी एका माणसाला त्याच्या बोकडासह मैदानातून बाहेर काढलं होतं म्हणे. झालं! 'बोकडाचा शाप लागला' असं लोक म्हणू लागले. शाप कसला अन् काय! पण हरण्याला काहीतरी कारण हवं ना!

एर्नी बँक्स हा त्यांचा लाडका खेळाडू. १९५३ ते १९७१ या काळात तो फक्त कब्सकडूनच खेळला. त्याने ५१२ 'होम रन' काढले, म्हणजे आपल्या षटकारासारखे फटके. पण वर्ल्ड सिरीजचा एकही सामना त्याला खेळायला मिळाला नाही. तरी गडी सदा हसतमुख!

आणि त्या गावची माणसं? ती संघ सोडून गेली का? छे! आजोबा नातवाला मैदानावर नेत. सामना हरला की म्हणत, "पुढच्या वर्षी बघू!" आपण नाही का गणपती बाप्पाला निरोप देताना पुढच्या वर्षाचं बोलतो, तस्संच!

मला सर्वांत आवडते ती त्यांच्या मैदानावरची एक पद्धत. सामना संपला की तिथे झेंडा लावतात. जिंकले तर पांढरा, आणि हरले तर निळा. जवळून जाणाऱ्या आगगाडीतल्या लोकांनाही निकाल कळतो. म्हणजे हरल्यावरही झेंडा! लपवालपवी नाही.

अखेर २०१६ साल उजाडलं. सात सामन्यांच्या अंतिम मालिकेत कब्स १-३ असे मागे पडले होते. तिथून त्यांनी ३-३ अशी बरोबरी केली. शेवटचा सामना २ नोव्हेंबरला क्लीव्हलँडमध्ये होता. तिथल्या संघानेही १९४८ नंतर ही मालिका जिंकली नव्हती बरं का! नऊ डावांनंतर गुण ६-६. त्यात पाऊस आला. १७ मिनिटं खेळ थांबला. मग जादा दहावा डाव झाला आणि कब्स ८-७ असे जिंकले. तब्बल १०८ वर्षांनी!

त्या दिवसांत शिकागोत लोकांनी काय केलं असेल? फटाके, आरडाओरडा, मिरवणूक हे तर झालंच. पण कितीतरी जण रंगीत खडू घेऊन मैदानाच्या विटांच्या भिंतीपाशी गेले. जे हा दिवस पाहायला उरले नव्हते, त्या आजोबा-आजींची, आई-बाबांची नावं त्यांनी भिंतीवर लिहिली. आम्हा शिक्षकांच्या हातात असतो तोच खडू! एर्नी बँक्सही त्या दिवशी नव्हता. तो २०१५च्या जानेवारीतच वारला होता.

मुलांनो, त्या आजोबांना कप मिळाला नाही. मग त्यांचं प्रेम वाया गेलं का? तुम्हीच सांगा. जिंकणाऱ्यामागे तर सगळेच धावतात. आपला संघ हरतो तेव्हा त्याच्याजवळ थांबतो, तो खरा आपला माणूस. अर्थात, नुसतं थांबून भागत नाही, सरावही हवाच!

आणि पालकहो, पोर सामना हरून घरी आलं, तर "किती गुणांनी हरलात?" असं लगेच विचारू नका. आधी पाणी द्या, जवळ घ्या.

आमच्या त्या मुलाचं काय झालं म्हणता? गोष्ट संपली तेव्हा तो काहीच बोलला नाही. पण मधल्या सुट्टीत मी खिडकीतून पाहिलं, तर स्वारी 'अ' तुकडीच्याच पोरांबरोबर खांबापाशी सूर मारायचा सराव करत होती. दोन्ही गुडघे लाल मातीने माखलेले!

बरंय तर, भेटू पुढच्या अंकात.

तुमच्या,
बाई