वंश हे कवच नव्हे, शापही नव्हे

एचआयव्हीविषयी एक मत सुशिक्षितांतही ठाण मांडून बसले आहे. युरोपीयांच्या रक्तातच या विषाणूला रोखणारे जनुक आहे, आफ्रिकी माणसात ते नाही, म्हणून तिकडे रोगी लवकर मेले, असे हे मत. ते विज्ञानाचा हवाला देते, तेव्हा विज्ञानाच्याच कसोटीवर ते घासून पाहू.

आधी त्यातले खरे ते मान्य करतो. पेशीत शिरताना एचआयव्ही बहुधा सीसीआर५ या प्रथिनाचा आधार घेतो. काहींच्या सीसीआर५ जनुकातली ३२ अक्षरे गळालेली असतात, हे १९९६ मध्ये उघड झाले. आई-वडील दोघांकडून हा बदल मिळालेल्याला सहसा लागण होत नाही. एकाकडूनच मिळाला तर लागण होते, पण आजार सरासरी दोनेक वर्षे उशिरा बळावतो. हा बदल उत्तर युरोपात बऱ्यापैकी आढळतो, भारतात विरळा, आफ्रिकेत जवळजवळ नाहीच.

पण त्यावरून काढलेला निष्कर्ष साफ चुकीचा आहे. दुहेरी बदलाची माणसे उत्तर युरोपातही शंभरात एखादीच. उरलेल्या नव्याण्णवांना लागणीपासून कसले कवच? प्रभावी औषधे येण्यापूर्वी युरोप-अमेरिकेत तरुण माणसे एड्सने दगावलीच. उलट, युगांडाच्या ग्रामीण भागात लागण झालेल्यांचा वर्षानुवर्षे माग ठेवला, तेव्हा औषधांविना त्यांच्या जगण्याचा मध्यक काळ सुमारे १० वर्षे निघाला. श्रीमंत देशांतही औषधांपूर्वी तो साधारण तेवढाच होता. त्याच युगांडात डी उपप्रकाराच्या विषाणूने ए उपप्रकारापेक्षा लवकर घात केला. म्हणजे विषाणूचे कूळही पाहावे लागते.

शिवाय संरक्षक जनुके एकाच वंशाची मिरासदारी नाहीत. एचएलए या प्रतिकारशक्तीच्या जनुकांतील बी५७ गटाची रूपे युरोपात आहेत, आफ्रिकेतही आहेत. त्यांच्यापासून बनणारे प्रथिन विषाणूच्या आतल्या कवचाचा एक तुकडा पेशीच्या पृष्ठभागावर आणून मारक पेशींना दाखवते. निसटायचे तर विषाणूला नेमका तोच भाग बदलावा लागतो, आणि तो बदलला की त्याची वाढ मंदावते. आजार लांबतो तो असा.

हे संरक्षणही कायमचे नाही. जपानमध्ये एचएलए-बी५१ असलेल्यांचा आजार १९८०च्या दशकातल्या लागणींत सावकाश वाढे. पुढे या जनुकाला चुकवणारा विषाणूच तिथे पसरला आणि तो फायदा ओसरला, हे २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. माणसांचे जनुक तेच राहिले, बदलला तो विषाणू.

मग जनुकांचा अभ्यास फोल आहे का? मुळीच नाही. युरोपीय वंशाच्या रुग्णांत रक्तातील विषाणूच्या प्रमाणातला सुमारे एक चतुर्थांश फरक जनुकांच्या, मुख्यतः सीसीआर५ आणि एचएलए यांच्या, भेदांनी उलगडतो, असे २०१५ च्या अभ्यासात दिसले. हा वाटा मोठा आहे, पण तीन चतुर्थांश उरतोच. औषधयोजनेतही जनुक कामी येते. बी५७:०१ हे रूप आजार लांबवते, पण तेच असलेल्या रुग्णाला अबाकाविर या औषधाची जीवघेणी ॲलर्जी होऊ शकते. म्हणून ते औषध देण्याआधी या रूपाची तपासणी करतात. ती त्या रुग्णाच्या रक्ताची होते, त्याच्या वंशाची नव्हे. जनुकांचे असे अभ्यास भारतीय आणि आफ्रिकी रुग्णांतही तितक्याच कसोशीने व्हायला हवेत, कारण युरोपातली आकडेवारी आपल्यावर जशीच्या तशी बेतता येत नाही.

औषधांनी तर हा वाद व्यवहारात निकालात काढला आहे. उपचार लगेच सुरू केले तर गंभीर आजार निम्म्याहून कमी होतात, हे २०१५ मध्ये अनेक देशांतल्या एकत्रित चाचणीने सिद्ध केले. भारतात २००४ पासून एआरटी ही विषाणूरोधक औषधयोजना मोफत मिळते, आणि २०१७ पासून लागण कळताच ती सुरू करण्याचे धोरण आहे. तेव्हा ‘आमच्या रक्तात हे येत नाही’ म्हणून निर्धास्त राहू नका आणि ‘नशिबातच होते’ म्हणून खचू नका. तपासणी करा, आणि लागण निघाली तर गोळ्या त्याच आठवड्यात सुरू करा. त्या रोज घेतल्या तर कोणत्याही वंशाच्या माणसाला दीर्घायुष्य मिळू शकते.