परवाना कागदाचा, जोखीम हाताची

खंडेनवमीला आमच्या वसाहतीतील वीजतंत्री आपली पक्कड, टेस्टर, स्क्रूड्रायव्हर आणि चिकटपट्टीने गुंडाळलेले जुने ड्रिल पाटावर मांडतो, त्यांना हळदकुंकू वाहतो आणि नारळ फोडतो. आपण कौतुकाने प्रसाद घेतो. श्रमाला पूजनीय मानणारी आपली संस्कृती, असे दोन शब्दही बोलतो. मात्र दसरा उलटला की त्याच माणसाने पंख्याच्या जोडणीचे दोनशे रुपये मागितले, तर ‘पाच मिनिटांच्या कामाचे एवढे?’ असे विचारण्यास आपली जीभ अडखळत नाही. औजारांची पूजा वर्षातून एक दिवस आणि ती औजारे चालविणाऱ्या हाताची उपेक्षा उरलेले सर्व दिवस, असा हा आपला व्यवहार आहे.

या व्यवसायावर कायद्याचे नियंत्रण नाही, असा अनेकांचा समज असतो. तो खरा नाही. १९५६ च्या भारतीय वीज नियमांतील ४५ व्या नियमाने स्पष्ट केले होते, की दिवा, पंखा, फ्यूज, स्विच बदलण्यासारखी किरकोळ कामे वगळता विजेचे कोणतेही काम परवानाधारक ठेकेदारानेच करावे, सक्षमता प्रमाणपत्र असलेल्या पर्यवेक्षकाच्या थेट देखरेखीखाली करावे आणि प्रत्यक्ष हात लावणाऱ्याकडेही शासनमान्य परवाना असावा. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने २०१० मध्ये केलेल्या विनियमांत हीच तरतूद आली आणि त्यांची जागा घेणाऱ्या २०२३ च्या विनियमांनीही ती चौकट सोडलेली नाही. म्हणजे ठेकेदार, पर्यवेक्षक आणि तारतंत्री अशी तीन माणसे आणि त्यांचे तीन कागद. व्यवस्था निर्दोष वाटते. प्रश्न असा की, या तिघांपैकी मोबदला कोणाला मिळतो आणि मरतो कोण?

एक अनुभव सांगतो. काही वर्षांपूर्वी आम्ही गावाकडील घराची वायरिंग नव्याने करून घेतली. नवी जोडणी घेण्यापूर्वी ठेकेदाराचा चाचणी अहवाल द्यावा लागतो. तारांच्या आवरणाला ५०० व्होल्टचा दाब एक मिनिट देऊन त्याचा विरोध किमान एक मेगओहम भरतो की नाही, हे मेगर नावाच्या यंत्राने पाहायचे असते. अर्थिंगही तपासायचे असते. आमच्या अहवालावर सगळे आकडे सुवाच्य अक्षरांत लिहिलेले होते, खाली गोल शिक्का आणि झोकदार सही होती. मेगर मात्र आमच्या उंबऱ्याशी कधी आला नाही आणि तो ठेकेदारही नाही. सहीचे पैसे ठरलेले होते; ते मी निमूटपणे दिले. काम केले ते एका पोरसवदा मुलाने, रोजंदारीवर. त्याच्याकडे परवाना नव्हता आणि मीही विचारला नाही. दुसऱ्याच पावसाळ्यात न्हाणीघरातील नळाला हात लावताच झिणझिण्या येऊ लागल्या. तेव्हा तालुक्याहून एका वृद्ध, आयटीआय झालेल्या वीजतंत्र्याला बोलाविले. त्याने अर्धा दिवस खपून शोधून काढले, की अर्थिंगची हिरवी तार भिंतीत शिरते खरी, पण पुढे कशालाच जोडलेली नाही. मी कलाशाखेचा पदवीधर. फेज आणि न्यूट्रल यांतील भेद मला त्या दिवशी नीट कळला. त्या गृहस्थांनी तीनशे रुपये मागितले आणि ज्याने खोट्या सहीचे पैसे मुकाट्याने मोजले होते, त्या मी पन्नास रुपयांसाठी घासाघीस केली. आजही हे आठवले की शरम वाटते.

हा माझा एकट्याचा अपराध असता तर येथे सांगण्याचे कारण नव्हते. आपली सारी व्यवस्थाच सहीला भाव देते, कामाला देत नाही. वायरिंगचे काम ‘पॉइंट’च्या भावाने घेतले जाते. ग्राहक ठेकेदाराला पॉइंटमागे दर देतो, ठेकेदार ते काम उपठेकेदाराकडे सरकवितो आणि भिंत फोडून पाइप बसविणारा मुलगा रोजावर राबतो. वर वाढलेल्या दराचा थेंबही खाली झिरपत नाही. दोन वर्षे आयटीआयमध्ये घालवून, परीक्षा देऊन, परवाना काढून या मुलाच्या रोजात काही भर पडणार नसेल, तर त्याने परवाना काढावाच कशासाठी? नियमन मोडते ते येथे. सरकारने परवाना सक्तीचा केला, पण परवान्याला वेतनाची जोड दिली नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या आकडेवारीनुसार या देशात विजेच्या धक्क्याने वर्षाला दहा हजारांहून अधिक माणसे प्राणास मुकतात, आणि आपण ते ‘अपघात’ या एका शब्दाखाली पुरून टाकतो.

ही झाली घरातील गोष्ट. घराबाहेर, खांबावर, काय चालते? ६ जून २००५ रोजी राज्य वीज मंडळाचे विभाजन झाले आणि महावितरण अस्तित्वात आली. मंडळाचा लाईनमन आता ‘जनमित्र’ झाला. नाव गोड आहे. दरवर्षी ४ मार्चला देशभर लाईनमन दिवसही साजरा होतो. परंतु आज खांबावर दिसणाऱ्या कितीतरी तरुणांचा मालक महावितरण नसून निविदा जिंकलेला ठेकेदार असतो. ठेकेदार बदलतो, माणूस मात्र तोच, शाखा कार्यालय तेच, डीपी तीच. दहा-पंधरा वर्षे एकाच गावाची वीज सांभाळणारा हा माणूस कागदोपत्री दर निविदेगणिक नवा कामगार ठरतो. हाती पडलेल्या वेतनातील काही भाग ठेकेदाराला परत द्यावा लागतो, ही कामगार संघटनांची जुनी तक्रार आहे.

वादळात तार तुटली की काय करायचे, याची पद्धत ठरलेली आहे. उपकेंद्राकडून परमिट घ्यायचे, एबी स्विच उघडायचा, वाहिनी मृत असल्याची खात्री करायची, कामाच्या दोन्ही बाजूंना डिस्चार्ज रॉड लावून ती भूमीशी जोडायची आणि मगच हात लावायचा. बंद वाहिनीतही एखाद्याच्या जनरेटरमधून किंवा चुकीच्या जोडणीच्या इन्व्हर्टरमधून उलटा प्रवाह येऊ शकतो, म्हणून हा सारा खटाटोप. त्याला दोन माणसे लागतात, धडधाकट हातमोजे लागतात आणि अर्धा तास लागतो. इकडे गावातून सरपंचाचा फोन, शहरातून आपला फोन, वरून साहेबाचा फोन. ज्याची नोकरी पुढच्या निविदेवर लटकते आहे, तो माणूस ‘हातमोजे आल्याशिवाय चढणार नाही’ असे म्हणू शकेल काय? कायम नोकरी हा केवळ पगाराचा प्रश्न नाही. धोक्याच्या कामाला नकार देण्याचे बळ तीतून येते.

महावितरणने २०२३ च्या अखेरीस विद्युत सहाय्यकांच्या ५,३४७ पदांची जाहिरात दिली, हे स्वागतार्हच. त्यात मानधन किती होते? पहिल्या वर्षी दरमहा १५,००० रुपये, दुसऱ्या वर्षी १६,०००, तिसऱ्या वर्षी १७,०००. आता दुसरीकडे पाहा. १७ सप्टेंबर २०२३ रोजी, विश्वकर्मा जयंतीला, केंद्राने पीएम विश्वकर्मा योजना आरंभिली. सुतार, लोहार, कुंभार, चर्मकार, शिंपी अशा १८ व्यवसायांतील कारागिरांना प्रशिक्षणाच्या काळात दिवसाला ५०० रुपये विद्यावेतन आणि औजारांसाठी १५,००० रुपये. परंपरागत कारागिराला मिळालेला हा मान उचितच आहे. पण १८ जणांच्या यादीत वीजतंत्री नाही. आणि दिवसाला ५०० म्हणजे महिन्याला १५,०००! वर्गात बसून शिकणाऱ्याचे विद्यावेतन आणि उच्चदाब वाहिनीखाली उभ्या असलेल्या प्रशिक्षित तरुणाचे मानधन यांत आपल्या राज्यव्यवस्थेला तेव्हा अंतर दिसले नाही.

कायदा नाही म्हणावे, तर तोही होता. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याखालील नियमांत ठेकेदाराचा कामगार मूळ मालकाच्या कामगारासारखेच काम करीत असेल, तर त्यास समान वेतन द्यावे, अशी अट होती. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये पंजाब सरकार विरुद्ध जगजीत सिंग या खटल्यात तात्पुरत्या कर्मचाऱ्यांसाठी समान कामाला समान वेतनाचे तत्त्व उचलून धरले. ठेकेदाराचा पडदा मधे उभा असतो तो या तत्त्वाची आच मूळ मालकापर्यंत पोहोचू नये म्हणूनच! २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या. त्यांतील व्यावसायिक सुरक्षा संहितेच्या ५७ व्या कलमाने आस्थापनेच्या गाभ्याच्या कामात कंत्राटी कामगारांना मनाई केली आहे. वाचून बरे वाटते. लगेच खाली अपवाद येतो: जे काम एरवीही ठेकेदारामार्फतच होत आले आहे, ते चालेल. म्हणजे वीस वर्षे केलेली चूक हीच ती चालू ठेवण्याची सबब! वीज वितरण कंपनीचे गाभ्याचे काम खांबावर चढणे नव्हे, तर दुसरे कोणते, हे कोणी सांगेल काय?

यावर ठरलेले उत्तर येते: खर्च वाढेल, वीजदर वाढतील. वीजचोरी आणि थकबाकी यांनी पोखरलेल्या हिशेबाची भरपाई लाईनमनच्या ताटातून करायची, हा कोणता अर्थविचार? दुसरा आक्षेप सुशिक्षितांचा असतो. १९९१ नंतर आपण परवाना-राज संपविले, आता पुन्हा परवाने कशाला? परवाने वाढवा, असे आमचे म्हणणेच नाही. आहे त्या परवान्याला भाव द्या. सार्वजनिक बांधकाम विभागाच्या दरसूचीत परवानाधारक तारतंत्र्याचा दर वेगळा आणि वरचा असावा, त्याच्या वेतनाचा पुरावा जोडल्याखेरीज ठेकेदाराचे देयक निघू नये, चाचणी अहवालावर ठेकेदारासोबत प्रत्यक्ष काम करणाऱ्याचा परवाना क्रमांक व सही असावी आणि खांबावरचे वेतन महावितरणने थेट कामगाराच्या खात्यात भरावे. यांपैकी एकाही गोष्टीला नवे मंत्रालय लागत नाही.

दत्तोपंत ठेंगडींनी १९५५ मध्ये भारतीय मजदूर संघाची स्थापना केली आणि विश्वकर्मा जयंती हाच आमचा श्रमदिन, असे त्या संघटनेने मानले. आपल्या शाखेत, वसाहतीत, गणेशोत्सव मंडळात त्या दिवशी भाषणे होतात. यंदा भाषणापूर्वी कार्यकर्त्यांनी एवढेच करावे: मंडपाची वीजजोडणी कोण करतो, त्याच्याकडे परवाना आहे काय आणि त्याला हातात किती मिळतात, हे त्यालाच विचारावे, ठेकेदाराला नव्हे. आमच्या वसाहतीत मी गेल्या वर्षी विचारले. मांडव घालणाऱ्या मुलाने आधी ठेकेदाराकडे पाहिले आणि मग ‘साहेब, ते त्यांनाच माहीत’, असे सांगितले.