विम्याची तपासणी कॅमेऱ्यानेच व्हावी

मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 146 ने थर्ड पार्टी विमा सक्तीचा केला आहे. तरीही देशातल्या निम्म्याहून जास्त गाड्या विम्याविना धावतात, असे संसदेच्या अर्थविषयक स्थायी समितीने 2024 मध्ये नोंदवले. 1 सप्टेंबर 2018 पासून नवी दुचाकी 5 वर्षांचा विमा घेऊनच रस्त्यावर येते. गळती त्यानंतर सुरू होते.

'वाहन'च्या नोंदीत नंबर टाकला की विम्याची मुदत दिसते. ही नोंद पुण्यातल्या प्रत्येक सिग्नलच्या कॅमेऱ्याला जोडा, ही माझी मागणी आहे. दाढी-टोपी किंवा मळका शर्ट पाहून गाडी बाजूला घ्यायला लावतात, ही तक्रार आपल्या मोहल्ल्यात नेहमीची. कॅमेरा फक्त नंबर वाचतो. मग त्याला विरोध आपण का करावा?

काही जण म्हणतात, हा गरिबावर बोजा आहे. 75 ते 150 सीसीच्या दुचाकीला 2022 च्या दराने वर्षाला 714 रुपये, अधिक जीएसटी. दिवसाचे अडीच रुपयेही होत नाहीत. आणि कोंढव्याच्या रस्त्यावर पायी चालणारा, धडकेत कमावता हात गमावणारा कोण असतो? गरीबच ना? न्यायाधिकरणाने भरपाई मंजूर केली, पण विमा नाही आणि मालकाकडे दमडी नाही, तर त्या निकालाचा कागद घेऊन बेवेने जायचे कुठे?

दुसरे म्हणतात, विमा म्हणजे व्याज आणि जुगार. आलिमांमधली ती चर्चा मला ठाऊक आहे. पण थर्ड पार्टी विम्यातून आपल्याला एक पैसा मिळत नाही. तो आपल्या चाकाखाली येणाऱ्याचा हक्क आहे. हुकूक-उल-इबादवर तासभर बयान ऐकायचे आणि बाहेर येऊन बिनविम्याच्या गाडीला किक मारायची, हे कुठले दीन?

सरकारनेही आपली बाजू नीट करावी. मुदत संपण्याआधी मोबाइलवर सूचना यावी, मगच 2000 रुपयांचे चलन. कंपनीने पॉलिसीची नोंद वेळेत चढवली नाही, तर दंड कंपनीला व्हावा, गाडीवाल्याला नव्हे. चुकीचे चलन रद्द करायला कोर्टाचे खेटे नकोत.

एवढे झाल्यावर मात्र सबब उरत नाही. आज घरी गेल्यावर पॉलिसीवरची तारीख बघा.